बॅग हलकी करायची आहे: २४-१०५ लेन्स ठेवू की ३५ आणि ८५?

कुळागरवाट | १४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज मांडतो. मी फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला राहतो. नोकरी सांभाळून सहा-सात वर्षं फोटो काढतोय. जत्रा, शिगमो, कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा), घरचे सण आणि सुट्टीच्या दिवशी पणजीच्या जुन्या गल्ल्या, एवढंच माझं जग. पक्षी नाहीत, लग्नांच्या ऑर्डरी नाहीत.

कॅमेरा सोनीचा फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. लेन्स पाच जमल्या आहेत (नवख्यांसाठी: पहिला आकडा मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ, लहान तितकं चित्र रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त): २४-१०५ एफ/४ (६६३ ग्रॅम), ७०-२०० एफ/४ (८४० ग्रॅम), आणि तीन प्राईम, म्हणजे झूम न होणाऱ्या, तिन्ही एफ/१.८ च्या: ३५ (२८० ग्रॅम), ५० (१८६ ग्रॅम), ८५ (३७१ ग्रॅम). काल स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला नाही, नुसती बेरीज केली. कॅमेरा सोडून २ किलो ३४० ग्रॅम! पंचेचाळिशीनंतर हे ओझं खांद्याला कळतं.

पण ओझं हे अर्धंच कारण. मागच्या वर्षी मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) सुमाराला ७०-२०० कपाटात ठेवली ती थेट दिवाळीला बाहेर काढली. मागून टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या एका काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. साफ करून घेतली, पण कोटिंगवर डाग राहिला तो राहिलाच. लेन्स बंद कपाटात, मी निर्धास्त, आणि चार-पाच महिन्यांत हे झालं. तेव्हाच ठरवलं की जेवढं सतत हाताळलं जाईल तेवढंच घरात ठेवायचं. आपल्या हवेत न वापरलेली लेन्स नुसती पडून राहत नाही, ती आतून खराब होते.

मग गेल्या दोन वर्षांचे फोटो संगणकावर घेऊन कुठला फोटो कुठल्या फोकल लेंग्थवर काढलाय ते चाळलं. २४-१०५ चे फोटो दोन ढिगांत पडले. एक ढीग ३० ते ४० च्या आसपास, दुसरा अगदी शेवटाला, १०५ वर. मधला पट्टा जवळजवळ रिकामा. ५० हाताने फारशी उचललीच नव्हती. ७०-२०० चा वापर शिगम्याच्या मिरवणुकीपुरता.

म्हणजे ५० आणि ७०-२०० जाणार, हे नक्की. आता खरा प्रश्न: एकटी २४-१०५ ठेवू, की ३५ आणि ८५ ची जोडी? गंमत बघा, जोडीचं वजन ६५१ ग्रॅम, झूमचं ६६३. त्यामुळे वजनावरून निकाल लागत नाही. अनुभवी लोकांनी सांगावं. फक्त 'प्राईम शार्प असते' एवढंच सांगू नका, ते मलाही माहीत आहे आणि माझे प्रिंट १२ बाय १८ इंचांच्या वर जात नाहीत. त्या आकाराला दोन्ही पुरतात.

---

लग्नघर | १४ जून, रात्री ११:१५

मी मडगावला लग्नांचे फोटो काढतो, पोट त्यावरच आहे. माझं उत्तर सोपं: दोन बॉडी (कॅमेरे), एकीवर ३५, दुसरीवर ८५, दोन्ही खांद्यावर. लेन्स बदलायचा प्रश्नच येत नाही. पण हे दोन बॉडी असल्या तरच. एका बॉडीवर जोडी चालवायची म्हणजे नवरा हार घालत असताना तुम्ही टोपण शोधत असता.

इगर्जीतल्या लग्नांना मात्र मी २४-७० एफ/२.८ लावतो. मिस्सा चालू असताना पाद्री फिरू देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. एका खांबाशी उभं राहायचं आणि तिथूनच सगळं काम करायचं. तिथे पाय बांधलेले असतात, मग लेन्सलाच हलावं लागतं.

तुम्हालाही २४-७० एफ/२.८ चा विचार करता येईल. सोनीची दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमची आहे, पहिली ८८६ ची होती.

---

कुळागरवाट | १४ जून, रात्री ११:४०

देव बरें करूं. ती लेन्स हातात घेऊन पाहिली आहे, सुंदर आहे. पण हौसेसाठी एवढी रक्कम घालणं मला पटत नाही. शिवाय सामान कमी करायला निघालोय, नवीन आणायला नाही. आहे त्यातूनच निवडायचं.

---

रात्रपाळी | १५ जून, सकाळी ७:०५

मी पेडण्याचा. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत माझ्या रात्री दशावताराच्या नाटकांत जातात, म्हणून माझं मत एकतर्फी आहे, हे आधीच सांगतो.

देवळासमोरच्या रंगमंचावर दोन-चार दिवे असतात. नाटकातला राक्षस संकासूर एका जागी उभा राहत नाही. एफ/४ च्या झूमवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ठेवलं तर मला साधारण १/६० सेकंदाचं शटर मिळतं. हात, झगा, मुखवटा सगळं फिसकटतं. तोच उजेड, तेच आयएसओ आणि एफ/१.८ असेल तर शटर १/३२० ला जातं. दोन आणि एक तृतीयांश स्टॉपचा फरक आहे हा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). हिशोब कागदावर लहान वाटतो, पण रात्री दोन वाजता फोटो मिळणं आणि न मिळणं यातला तो फरक आहे.

कोणी म्हणेल, स्टॅबिलायझेशन आहे ना! ते तुमचा हात स्थिर ठेवतं, संकासुराला नाही.

मी ८५ वापरतो. पुढच्या रांगेत पोरं आणि आज्या बसलेल्या असतात, त्यांच्या डोक्यांवरून तिसऱ्या रांगेतून चेहरा नीट भरतो. ३५ ने तिथून अर्धा मांडव येतो. माझं मत जोडीला. झूम विका.

---

माटोळी | १५ जून, दुपारी २:३०

रात्रपाळींचं म्हणणं मान्य, पण एक बाजू राहिली. अंधार म्हटला की एफ/१.८, असं आपण पटकन म्हणून टाकतो. अंधारात काय हलतंय ते आधी बघायला हवं.

मी डिचोलीची. दरवर्षी चवथीला (गणेश चतुर्थीला) आमच्याकडे आणि शेजारच्या पाच-सहा घरांतल्या माटोळींचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीचे, फोटो काढते. खोली लहान, उजेड कमी. पहिल्या वर्षी मीही ३५ एफ/१.८ उघडी ठेवून काढले. सुपारीचा घड लख्ख आला, आणि मागची नारळाची पेंड, कवंडळं, चिबूड सगळं विरघळून गेलं. माटोळीत प्रत्येक फळ दिसायला हवं हो! रानात फिरून कोणीतरी ते गोळा केलेलं असतं, घरातली माणसं एकेक नाव घेऊन दाखवतात. ते धूसर करून कसं चालेल?

तेव्हापासून मी एफ/८ ठेवते, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर एक-दोन सेकंद. पंखा बंद करायला सांगायचा, एवढीच काळजी. या कामाला किट झूमसुद्धा पुरते. स्थिर वस्तू असेल तर ट्रायपॉड नाहीतर स्टॅबिलायझेशन, हलणारं माणूस असेल तर मोठं अपर्चर (लहान एफ-आकडा). कुळागरवाट, तुमच्या अंधारातल्या फोटोंत यातलं जास्त काय आहे ते एकदा बघा, मग मोठ्या अपर्चरची गरज किती ते कळेल.

---

फेरीबोट | १५ जून, रात्री ८:२०

माटोळीताई, अगदी बरोबर मुद्दा.

मला दुसऱ्या एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे, कारण तीबद्दल नेहमी चुकीचं सांगितलं जातं. 'प्राईम घ्या, आपले पाय हाच झूम' हे वाक्य प्रत्येक नवशिक्याला ऐकवतात. ते अर्धंच खरं आहे. पाय हलवले की चौकटीत किती मावतं एवढंच बदलत नाही, वस्तूंचं एकमेकांशी असलेलं प्रमाणही बदलतं. ते प्रमाण ठरतं तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून, लेन्सवरून नाही.

मंगेशीच्या देवळाचं उदाहरण घ्या. दीपस्तंभाच्या जवळ जाऊन २४ ने काढा. दीपस्तंभ आभाळाला भिडतो आणि मागचं देऊळ एवढंसं होतं. आता मागे मागे जा आणि ९०-१०० ने काढा. दीपस्तंभ चौकटीत तेवढाच ठेवलात तरी देऊळ मोठं होऊन त्याच्या शेजारी येऊन उभं राहतं. दोन वेगळी चित्रं आहेत ही. नुसते पाय हलवून एका लेन्सने दोन्ही मिळत नाहीत.

म्हणून मी क्रम असा लावतो: आधी उभं राहायची जागा ठरवायची, मग तिथून जी फोकल लेंग्थ लागेल ती लावायची. झूमचा खरा उपयोग हा. एका जागी उभं राहून फिरवत बसणं हा नव्हे. झूम असली की आपण जागेवरून हलत नाही, हा तिच्यावरचा आरोप आहे आणि त्यात तथ्य आहे. पण दोष सवयीचा आहे, ती मोडता येते.

आता पणजीतल्या जुन्या फोंताईन्यासच्या गल्ल्या. तिथे मागे सरकायला जागाच नसते, पाठ समोरच्या भिंतीला लागते. मी तिथे फक्त ३५ नेतो, आणि दुसरी लेन्स नेत नाही ते मुद्दाम. छोटी लेन्स पाहून माणसं बिथरत नाहीत. तिथले रहिवासी दारासमोर चाललेल्या फोटोंना कंटाळलेले आहेत. थांबून, विचारून, दोन शब्द बोलून काढलेला एक फोटो पुरतो. लांबून १०५ लावून कोणाच्या खिडकीतलं माणूस टिपणं मला बरं वाटत नाही.

झूमबद्दलचा जुना आकस कुठून आला तेही सांगून टाकतो. स्थिरचित्रांच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोकलेंडरची झूमार, १९५९ साली आली: ३६-८२ एफ/२.८. तिथून कित्येक वर्षं झूम म्हणजे मऊ चित्र, असंच समीकरण होतं. ते तेव्हा खरं होतं. आजच्या २४-१०५ ला ते लावणं अन्याय आहे.

---

पक्षीण | १५ जून, रात्री ९:००

चोडणहून सलाम. सलीम अलींच्या नावाच्या अभयारण्यात फिरणाऱ्यांसाठी हा वादच नाही. सोनीची २००-६०० झूम २ किलो ११५ ग्रॅम, ६०० एफ/४ प्राईम ३ किलो ४० ग्रॅम, आणि किमतीत तर तुलनाच नको. धाग्याच्या विषयाला सोडून आहे, म्हणून थांबते. पण ७०-२०० विकताय ते योग्यच. पक्ष्यांना ती पुरत नाही आणि माणसांना ती लागत नाही.

---

नवखी | १६ जून, दुपारी १२:१०

कुळागरवाट काका, मी कॉलेजला आहे. माझ्याकडे फुजीचा कॅमेरा आणि १८-५५ एफ/२.८-४ आहे. सगळे म्हणतात २३ एफ/२ घे, त्याशिवाय शिकणार नाहीस. साठवलेले पैसे त्यात घालू का?

---

फेरीबोट | १६ जून, दुपारी १:४५

नवखी, आत्ता नको. तुझ्या १८-५५ वर २३ च्या खुणेवर महिनाभर हात लावू नकोस. ती रिंग सरकू नये म्हणून कागदी चिकटपट्टी लाव. फुजीच्या सेन्सरवर २३ म्हणजे फुलफ्रेमवरच्या ३५ सारखीच नजर. महिनाभराने त्या रुंदीत दिसायला लागलं, हातात काहीतरी हलकं असावं असं वाटायला लागलं, तर घे. २३ एफ/२ १८० ग्रॅमची आहे, तुझी झूम ३१० ची. २३ ला पाऊस-धुळीपासून संरक्षणही आहे, जे १८-५५ ला नाही. आपल्याकडे याला किंमत आहे. नाही वाटलं, तर पैसे वाचले. त्या पैशात ओल दूर ठेवणारी पेटी घे.

---

कोरडीपेटी | १६ जून, रात्री १०:३०

पेटीचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो, कारण मूळ प्रश्नात बुरशी आहे आणि तिच्याकडे कोणी वळलंच नाही.

पावसात आपल्या घरातली आर्द्रता दिवसेंदिवस ८०-९० टक्क्यांच्या खाली येत नाही. लेन्सला ४० ते ५० टक्के बरी. विजेवर चालणारी कोरडी पेटी सर्वांत सोयीची. नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. निळं जेल गुलाबी झालं की त्याने पाणी पिऊन घेतलं असं समजायचं. तापवून पुन्हा निळं करायचं. चामड्याच्या किंवा फोमच्या पाउचमध्ये घालून कपाटात लेन्स कधीच ठेवू नये, ते पाउच ओल धरून ठेवतात.

वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून उतरून लगेच टोपण काढू नका. काचेवर दव धरतं, आतल्या काचांवरही. बॅग बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं.

आता झूम की प्राईम? बाहेर-आत होणारी झूम फिरवताना हवा आत ओढते आणि बाहेर टाकते. मोरजीच्या किनाऱ्यावर वारा सुटलेला असताना त्या हवेत मीठ असतं, चिखलात धूळ आणि ओल. २४-१०५ तशी आहे, नळी पुढे येते. पण उघड्यावर लेन्स बदलताना तर सेन्सरच उघडा पडतो, त्यातून जास्त आत जातं. माझ्या मते किनाऱ्यावर आणि पावसात एकच लेन्स लावून निघावं. कुठली ती घरी ठरवावी.

---

कुळागरवाट | ८ जुलै, रात्री ९:१५

तीन आठवडे गप्प होतो, कारण तुम्ही सांगितलंत ते करून बघत होतो.

आधी माटोळीताईंचा प्रश्न. अंधारातले फोटो वेगळे काढून पाहिले. निम्म्याहून जास्त फोटोंत माणसं हलताहेत: आरत्या, भजनं, शिगम्याच्या मिरवणुकीतला रोमटामेळ. माझ्या अंधारात माणसंच जास्त आहेत.

काल माशेलला चिखलकाल्याला गेलो होतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात किती चिखल होतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे अंगाला तेल लावून उतरतात. वरून पाऊस. घरून २४-१०५ लावून निघालो, पिशवीचं आवरण चढवलं, आणि तीन तास कॅमेऱ्याचं तोंड उघडलं नाही. पोरं माझ्या पायाशी येऊन आपटली तेव्हा २४ वर होतो, पुढच्या क्षणी पायऱ्यांवर बसलेल्या एका आजींचं हसू १०५ वर मिळालं. हातांना कोपरापर्यंत चिखल. तिथे ३५ काढून ८५ लावायचा विचार तरी करवेल का? जोडी घेऊन गेलो असतो तर अर्धे फोटो सुटले असते.

घरी आल्यावर नळीवरचं पाणी पुसूनच ती आत घेतली, आणि रात्रभर लेन्स पेटीत. हो, पेटी घेतली.

रात्रपाळी, म्हणून 'झूम विका' हे काही जमणार नाही.

---

रात्रपाळी | ८ जुलै, रात्री १०:०२

चिखलात मीही झूमच नेली असती. पण चवथ येऊ दे. मग बोलू.

---

कुळागरवाट | ३० ऑगस्ट, रात्री ११:३०

चवथ आली. बोलू.

बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी घुमट आरती होती. दहा बाय बाराची खोली, एक ट्यूबलाइट, मखराची छोटी दिव्यांची माळ. चार घुमटं (मातीची वाद्यं), एक शामेळ, कांसाळी वाजवणारा पुतण्या. मी आधी २४-१०५ लावून उभा राहिलो. मखराच्या माळेमुळे वेगळीच अडचण आली. शटर १/१०० च्या वर नेलं की फोटोत आडवे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. म्हणून १/१०० वर अडकलो. एफ/४, १/१००, आयएसओ ६४००. फोटो आले, पण काकांच्या चेहऱ्याचा रंग मातकट झाला.

मग ३५ लावली. एफ/१.८ ला दोन मीटरवरून साधारण फूटभर खोलीच स्पष्ट येते. एक वाजवणारा नीट, शेजारचा धूसर. एफ/२.८ वर आलो, आयएसओ ३२००. तिथे जमलं. दोघेही ओळखू येतात, रंग राहिला, आणि १/१०० ला घुमटावरचा हात किंचित हलतो ते उलट चांगलंच दिसतं, आवाज ऐकू आल्यासारखं. काका आरतीत डोळे मिटून वाजवतात. तो फोटो मी सात वर्षं काढायचा प्रयत्न करतोय, यंदा मिळाला.

दुसऱ्या दिवशी माटोळीताईंच्या पद्धतीने माटोळीचे फोटो काढले. २४-१०५, एफ/८, ट्रायपॉड, पंखा बंद. प्रत्येक कवंडळ दिसतंय.

तेव्हा निकाल. जोडी ३५ आणि ८५ ची नाही, २४-१०५ आणि ३५ ची. एकूण ९४३ ग्रॅम. बाहेर, पावसात, गर्दीत झूम. घरात, रात्री, गल्लीत ३५. दोन्ही एकत्र घेऊन निघायचं नाही, निघताना एक निवडायची. फेरीबोट, तुमचा उभं राहायच्या जागेचा मुद्दा सतत डोक्यात असतो. आता १०५ वर जाण्याआधी विचारतो की इथे का उभा आहे.

५० एका ओळखीच्या मुलीला दिली. ७०-२०० विकली, घेणाऱ्याला डाग टॉर्च मारून आधी दाखवला आणि त्याप्रमाणे रक्कम कमी केली.

राहिली ८५. चांगली लेन्स आहे, विकवत नाही, पण माझ्या हातून ती महिन्यातून एकदाही निघणार नाही हे आता मला माहीत आहे. रात्रपाळी, तुमची ८५ जुनी झाल्याचं आणि तिचा फोकस अडतोय असं तुम्ही दुसऱ्या एका धाग्यात लिहिलं होतंत. कॅमेरा तुमचाही सोनीच. दिवाळीनंतर दशावतार सुरू होतील तेव्हा ही घेऊन जा. मोसमभर वापरा, पुढच्या मिरगाच्या आधी बघू काय करायचं ते.

---

रात्रपाळी | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:४०

काय बोलू? घेतो. जपून वापरीन. पहिला संकासूर तुम्हाला पाठवतो. लेन्स घ्यायला फोंड्याला येऊ का?

---

कुळागरवाट | ३१ ऑगस्ट, सकाळी ७:१०

नको, मीच पेडण्याला येतो. पहिल्या दशावताराची तारीख कळवा, तिसऱ्या रांगेत माझ्यासाठीही जागा धरा. मी ३५ घेऊन येईन, अर्धा मांडव मला हवाच आहे.